भूमचा काळा दगड

भूमच्या माळावर नांगराला अडणाऱ्या काळ्या फत्तराची आपल्याला फारशी मातब्बरी वाटत नाही. घराच्या पायात घालावा, विहीर बांधावी, एवढाच त्याचा उपयोग. पण ओढ्याच्या कोरड्या वाळूतून एकदा लोहचुंबक फिरवून पाहावा. त्याला काळी बारीक पूड मिशांसारखी चिकटून येते. हे बहुतांशी त्याच फत्तरातून झिजून सुटलेले मॅग्नेटाइट होय. लोखंड आणि प्राणवायू यांचे हे संयुग. शुद्ध असेल तर त्यात शेकडा ७२ भाग लोखंडच.

चुंबकाकडे ओढले जाणे निराळे आणि स्वतः चुंबक असणे निराळे. टाचणी उचलणारा मॅग्नेटाइटचा खडा विरळाच; संस्कृतात त्याला अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर, असे गोड नाव आहे. आम्हांस मात्र भूमचा साधा फत्तरच अधिक नवलाचा वाटतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. तो रस निवत असता पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यातील कणांत ठसून राहिली. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये हा ठसा ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उमटू लागतो. ही दिशा नुसती उत्तर-दक्षिण सांगत नाही. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्ताजवळ आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तसतशी अधिक कलते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली, दक्षिण गोलार्धात वर. तेव्हा दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर निवला, हे काढता येते.

खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडले होते. पण बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. पुढे ब्लॅकेट यांच्या लंडनमधील गटातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड तपासले आणि १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे हेही या कामात आले. कित्येक थरांत दिशा अगदी उलटी निघाली, कारण पृथ्वीचे चुंबकत्वच मधूनमधून उलटते. तो हिशेब धरूनही दगडांची साक्ष एकच: हा रस दक्षिण गोलार्धात, सुमारे तीस अंशांवर निवला. भूम आज साडेअठरा अंश उत्तरेस आहे; म्हणजे प्रवास पाच हजार किलोमीटरांचा!

देश नव्हे, ध्रुवच सरकला असेल, ही शंका रास्तच होती. पण युरोपातील त्या सुमाराच्या खडकांवरून ध्रुव आजच्या जागेजवळच ठरत होता. मग हलला तो हा देशच.

पायात घातलेल्या दगडाला मात्र हे विचारून उपयोग नाही. गवंड्याने तो हवा तसा फिरवून बसवलेला असतो. त्यासाठी जागचा न हललेला खडक लागतो, आणि तो फोडण्यापूर्वी त्यावर उत्तरेची खूण करून घ्यावी लागते.