उटण्याची वाटी आणि परतीचे तिकीट

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या भाईंदरच्या घरात नागरमोथ्याचा वास दरवळू लागतो. पूर्वी हे काम आई करीत असे. आता माझी भाची करते. वय चोवीस, नोकरी अंधेरीला, आणि सुटीच्या दिवशी घरात पाय ठरत नाही. मसुराची डाळ, वाळवलेली संत्र्याची साल, आंबेहळद, वाळा, कचोरा असा पसारा ओट्यावर मांडून ती यंदा मला म्हणाली, "आत्या, बाजारातलं काहीच लावत नाही मी आता. सगळं नैसर्गिक!" आणि हे इतक्या अभिमानाने, की हळदीचा शोध जणू काल रात्रीच मीरा रोडला लागला असावा.

मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. कोणी नवे काही सांगितले, की त्याचे वय विचारण्याची खोड अजून सुटलेली नाही. म्हणून तिला सांगितले, की बाई ग, 6व्या शतकात वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर एक अख्खा अध्याय लिहिला. पुढे 12व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या सुखोपभोगांमध्ये स्नानाचेही साग्रसंगीत वर्णन आहे. (ही कल्याणी बिदरकडची. आमचे उल्हास नदीकाठचे कल्याण वेगळे. त्याच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.) मात्र ते स्नान राजाचे. अंगाला तेल, चूर्ण चोळायला चार माणसे हाताशी असली म्हणजे नैसर्गिक राहणे सोपे असते.

आमच्या भागातल्या बायांचा निसर्गाशी संबंध निराळा होता. भाईंदर म्हणजे मिठागरे. मीठ पिकते ते कोरड्या दिवसांत, ऐन उन्हात. आणि डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालणाऱ्या आगरी बायकांच्या टाचांना ज्या भेगा पडत, त्यांत तेच मीठ शिरे. त्यांचे एकच प्रसाधन, रात्री चोपडलेले खोबरेल. उत्तनच्या कोळणीचेही तेच. अंबाड्यावर फुले माळायला मात्र ती विसरत नसे. आणि विधवेच्या वाट्याला तर फूलही नाही, कुंकूही नाही. उटण्याच्या वाटीभोवती कोण बसू शकते आणि कोणी दाराआड राहायचे, हे ठरलेले होते.

माझ्यापुरते सांगायचे, तर हळद आणि साय या दोन पदार्थांची मला वर्षानुवर्षे धास्ती होती. मी सावळी. 'दाखवण्याचा कार्यक्रम' ठरला, की आई पंधरा दिवस आधीपासून माझ्या तोंडाला साय-हळद फासायची. आधी हलक्या हाताने, दिवस जवळ येतील तशी जोराने. तिसऱ्या स्थळाकडूनही 'मुलगी सावळी आहे' असा निरोप आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मी बी.एड.चा अर्ज भरला. तीही हळद नैसर्गिकच होती! पण ती माझ्यासाठी नव्हती. समोर बसून पोहे खाणाऱ्या पाहुण्यांसाठी होती.

हळदीची जागा मुंबईत डबीने घ्यायला सुरुवात केली ती 1919 साली, इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांच्या 'अफगाण स्नो'ने. 1941 साली आपल्या लीला चिटणीस 'लक्स' साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेली ती पहिली भारतीय नटी. 1952 साली टाटांची 'लॅक्मे' आली. लक्ष्मीचेच ते फ्रेंच रूप, एका ऑपेरातून उचललेले. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि 2020 साली तिने आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला. पंचेचाळीस वर्षे लागली. आई ते बघायला नव्हती.

तर उटणे चाळून झाले, आणि भाची म्हणाली, "रविवारी तू माझ्याबरोबर वसईला यायचं. रो-रो बोटीनं."

"काय काम आहे?"

"काम काही नाही. फिरायला."

बायकांनी काम नसताना बाहेर पडणे ही गोष्ट आपल्याकडे किती नवी आहे, याची तिला कल्पना नसावी. बाईला बाहेर पडायला लग्न लागे, बारसे लागे, देवदर्शन लागे, नाही तर दवाखाना. नुसती शाळेत निघालेली मुलगीही लोकांना सोसत नसे. 1865 साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले, त्यात मुंबईतली हकीकत सांगितली आहे: शाळेत जाताना रस्त्यातले लोक भोवती गोळा होत, ओटीवर बसलेले टवाळी करीत, खडे मारीत, दुकानदार त्यांना पाहून थुंकत. त्या पोरीच्या हातात पुस्तकांशिवाय काही नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिलात ती आगबोटीत बसून अमेरिकेला गेली आणि 1886 साली डॉक्टर झाली. 1887 साली, बावीस वर्षांची व्हायच्या आतच, वारली. माझी भाची आज तिच्याहून मोठी आहे.

भाचीच्या त्या 'रविवारी' या शब्दालाही इतिहास आहे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 पासून, ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्याच वर्षी एप्रिलात मुंबईला भरलेल्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या होत्या. विधवांचे केशवपन करणार नाही असे नाभिकांकडून वदवून घेणारे लोखंडे तेच! पण खरे सांगू? सुट्टी पुरुषाला मिळाली, आणि घरात रविवार म्हणजे मटण, पाहुणे आणि चार भांडी जास्त.

आगगाडीचे तसेच. विरारहून मुंबईला पहिली लोकल 12 एप्रिल 1867 रोजी धावली. 1936 साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. खास बायकांची गाडी चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली 5 मे 1992 रोजी, आणि पुढल्या वर्षी ती विरारपर्यंत वाढली. मी त्या गाडीत बसले आहे. हक्काची जागा मिळाली, की बायकांनी पिशवीतून काय काढावे? मेथीची जुडी. प्रवासाचा तासही भाजी निवडण्यात गेला.

आईचे माहेर खाडीच्या अलीकडे, सासर अलीकडे. वसईचा किनारा तिने जन्मभर समोर पाहिला. पलीकडे गेली ती लग्नामुंजीला, आणि एकदा भावाच्या दहाव्याला. 1739 साली चिमाजीअप्पांनी जिंकलेला तो किल्ला मी मुलांना तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवला. त्यात मीही कधी नुसती फिरायला गेले नव्हते.

भाईंदर-वसई रो-रो 2024 सालच्या फेब्रुवारीत सुरू झाली. रविवारी आम्ही निघालो. भाचीने स्कूटर बोटीवर चढवली, मग मला कठड्यापाशी उभे केले आणि पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातांना काहीतरी चोळू लागली.

"अगं, या वयात आता मी काय गोरी होणार?"

"गोरं कशाला व्हायचंय? ऊन भाजतं म्हणून लावते."

इतक्या हलक्या हाताने माझ्या कातडीला कोणी काही लावल्याचे मला आठवत नव्हते. खाली खाडीचे पाणी उल्हासचे होते, कल्याणवरून आलेले.

दुपारभर आम्ही किल्ल्यात पडक्या भिंतींच्या सावलीत बसलो, शेंगा खाल्ल्या, आणि तिने माझे इतके फोटो काढले, की माझ्या लग्नात निघाले असते तेवढे झाले असावेत. परतीच्या बोटीत शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. माझी काठापदराची साडी तिने निरखून पाहिली.

"कुठं लग्न होतं का गो बाय?"

"नाही. काहीच नव्हतं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग टोपली पायाने पुढे सरकवली आणि मला कठड्याकडची जागा करून दिली.