तोंडाचा विटाळ आणि आपली पत्रं

दोस्तहो, मी सूतगिरणीत राबणारा माणूस. कॉलेजचा उंबरा ओलांडलेला नाही. पत्रकारिता म्हणजे काय, हे मला धोट्यानं शिकवलं.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपल्या तोंडाचा विटाळ व्हायचा! पगार मात्र त्याच खात्यात जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मालाला घाम चालतो, थुंकी चालत नाही, हा कुठला न्याय?

छापखान्यातही तीच गत. 1920 साली 'मूकनायक' निघायचा होता. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. धाग्याला आपलं तोंड नको, तसं कागदालाही नको. तरी 31 जानेवारीला 'मूकनायक' निघालाच. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले.

त्याआधीही आपली माणसं लिहीत होती. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढला. पुढं गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवला. त्यात गोपाळबाबा वलंगकर लिहायचे. 1908 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढला. नागपूरकडं किसन फागू बनसोड्यांनी 'मजूर पत्रिका' चालवली.

मग ही पत्रं टिकली का नाहीत? बाबासाहेब शिकायला लंडनला गेले अन् 1923 पर्यंत 'मूकनायक' थांबला. महाडच्या सत्याग्रहानंतर 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' आलं. बहुतेक मजकूर ते एकटेच लिहायचे. 1929 ला तेही पैशापायी बंद पडलं. गावोगाव जयजयकार होता, वर्गणी नव्हती. 1930 ला त्यांनी पुन्हा 'जनता' उभं केलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खात्यात एका बदलीवाल्याची दोन बोटं गेली. पेपरात एक ओळ नाही. मी तारीख, पाळी, मशीनचा नंबर अन् 'जाळी नव्हती' एवढं वहीत लिहून ठेवलं. भरपाई मागताना तेवढाच कागद हाताशी होता.

पत्रकारिता एवढीच, गड्यांनो: पाहिलेलं पुराव्यानिशी लिहायचं अन् पत्र जगवायचं. या अंकाची माझी वर्गणी बाकी आहे. पगाराला देतो. तुमची?

जयभीम.