"बोलंल की लेकरू!" : वाट बघण्याचा इतिहास

आमच्या नांदेडच्या घरात वर्षानुवर्षं एक दाखला दिला जातो. तो दाखला म्हणजे मी. तीन वर्षांचा होईपर्यंत मी धड बोलत नव्हतो म्हणे. त्यामुळे लातूरला दिलेल्या ताईचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडेना, तेव्हा सगळे म्हणाले, "मामा पण उशिराच बोलला. झाला ना इंजिनियर? वेखंड चाटवा, बोलंल की लेकरू!"

ही वाट बघायची सवय उगाच लागलेली नाही. आपल्याकडं दुसरा मार्गच नव्हता. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८५ मध्ये निघाली, पण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिवाय मूल शाळेत जाणार शाळेच्या वयात, म्हणजे बोलणं शिकायची पहिली वर्षं निघून गेल्यावर. १९६६ मध्ये नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण तज्ज्ञ घडवायला सुरुवात झाली. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. दोन्ही मुंबईतच.

दिशा बदलली ती ६ फेब्रुवारी २०१३ ला. पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणीच मुलाच्या दारात आली. डॉक्टरांच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं, असं ठरलं. त्यांच्या यादीत कमी ऐकू येणं आहे, भाषा उशिरा येणंही आहे.

आपण घरी काय बघायचं? वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नाही, बा-बा, दा-दा करत नाही, टाटा करत नाही. दीड वर्षाचं झालं तरी अर्थाचा एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेले शब्द बंद पडले, तर वय न बघता लगेच दाखवा. नांदेडात मराठी, तेलुगू, उर्दू सगळंच कानावर पडतं. "त्यानं गोंधळलंय" म्हणून सोडून देऊ नका. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा.

ताईनं शेवटी भाच्याचे कान तपासून घेतले. पडद्यामागं पाणी साठलं होतं. आमचं बोलणं त्याला नीट ऐकूच येत नव्हतं! उपचार झाले, आता तो मलाच बोलू देत नाही.

मी बोललो, म्हणून माझा दाखला घरात टिकला. जी लेकरं बोललीच नाहीत, त्यांचा दाखला कोण देतं?

घरात कुणी लहान असेल, तर आजच अंगणवाडीताईंना विचारा, पुढची तपासणी कधी आहे. आणि शंका असेल, तर तेवढीही वाट बघू नका.