टर्कीची शिकार आणि बंदुकीची निवड

इ. स. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून परतला, तेव्हा त्याने तेथे खरेदी केलेले काही अपूर्व पशुपक्षी दरबारात सादर केले. त्यांतील एका पक्ष्याने बादशहाला मोठे नवल वाटावयास लावले. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी पालटतो, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले आहे. दरबारी चित्रकार मन्सूर याचे म्हणून ओळखले जाणारे त्या पक्ष्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा पक्षी म्हणजे टर्की. त्याचे मूळ घर अमेरिका. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळविला, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून तो मोगल दरबारी पोहोचला. बादशहाला मोहविणारे ते रंग पालटणारे डोकेच अमेरिकन शिकाऱ्याचे नेमके लक्ष्य असते. त्याच्या बंदुकीचे सारे शास्त्र त्या एका मुठीएवढ्या जागेभोवती उभे राहिले आहे.

याचे कारण पक्ष्याच्या शरीररचनेत आहे. पूर्ण वाढलेला रानटी नर सात ते दहा किलो वजनाचा असतो. त्याच्या छातीवर पिसांचा जाड थर असून पंखांची हाडे बळकट असतात. अंगावर छर्रे बसले, तरी तो जखमी स्थितीत झुडुपांत दिसेनासा होतो आणि तेथे हळूहळू मरतो. शिकाऱ्याच्या हाती मांस लागत नाही आणि पक्ष्याच्या वाट्याला यातना येतात. म्हणून नेम डोक्यावर व मानेवरच धरावयाचा. पक्ष्याची दृष्टी विलक्षण तीक्ष्ण असल्यामुळे त्याच्या जवळ जाणे अवघड. तेव्हा काही अंतरावरून, लहानशा जागेत, पुष्कळ छर्रे एकदम कसे पोहोचवावे, हाच खरा प्रश्न होय.

बारा बोअरची बंदूक हे नाव आपल्याकडेही परिचित आहे. त्याचा उगम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. वीस बोअरची नळी अर्थातच तिच्याहून अरुंद. परंतु नळी कितीही रुंद असली, तरी तोंडाबाहेर पडताच छर्रे फाकू लागतात. जुन्या ठासणीच्या बंदुकांची हीच मोठी उणीव होती. १८६६ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलचे बंदूक-कारागीर डब्ल्यू. आर. पेप यांनी नळीचे तोंड किंचित आवळण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. हिलाच ‘चोक’ म्हणतात. पाण्याच्या नळाचे तोंड बोटाने दाबले म्हणजे धार जशी दूर जाते, तसा काहीसा हा प्रकार आहे. पूर्ण चोक असलेल्या बंदुकीचे शेकडा सुमारे ७० छर्रे ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरांवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात पडावेत, असा संकेत पुढे रूढ झाला.

बंदूक सुधारली, परंतु तेवढ्याने पक्ष्याचे भले झाले नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अरण्ये शेतीसाठी तोडली जात होती आणि बाजारासाठी शिकार बारा महिने चालू होती. रात्री झाडांवर विसावलेले थवेच्या थवे टिपले जात. लाकडी ओंडक्यांचे पिंजरे रचून, त्यांत मक्याचे दाणे पसरून पक्षी कोंडले जात. मॅसॅच्युसेट्स राज्यात शेवटचा रानटी टर्की १८५१ मध्ये मारला गेला. १९२० च्या सुमारास, मूळ ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला होता.

कायद्याने आळा घालण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापार करण्यास १९०० च्या लेसी कायद्याने बंदी केली. त्याहून दूरगामी ठरला तो १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना द्यावे, अशी त्याची योजना आहे. लांब नळीच्या बंदुका व दारूगोळा यांवर हा कर शेकडा ११ आहे. ज्या हातांनी पक्षी संपविला, त्याच हातांकडून त्याच्या परतीचा खर्च वसूल होऊ लागला.

तरीही पक्षी लगेच परतला नाही. पाळीव अवस्थेत वाढविलेली पिल्ले रानात सोडली, तर ती तग धरीनात. अखेर रानटी पक्षीच पकडून नव्या प्रदेशात नेण्याचे ठरले. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात त्यासाठी एक वेगळीच तोफ वापरली गेली. तिच्यातून गोळ्याऐवजी जाळे उडे आणि दाणे टिपणाऱ्या थव्यावर पसरे. अशा रीतीने पकडलेल्या पक्ष्यांपासून राज्यामागून राज्य पुन्हा वसले. अमेरिकेतील रानटी टर्कींची संख्या आज सुमारे ६० लाख असून, अलास्का वगळता सर्व राज्यांत त्यांच्या शिकारीचा हंगाम असतो.

मात्र या हंगामाला बंधने आहेत. वसंतात सामान्यतः नरच मारता येतो आणि पक्ष्यांची संख्या मोजकी ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी वसंतात रायफल वर्ज्य आहे. कारण शिकारी स्वतः झुडुपात लपून मादीसारखा आवाज काढतो, त्या आवाजाच्या रोखाने दुसरा शिकारी येऊ शकतो, आणि रायफलची गोळी फार दूर जाते. नराच्या डोक्यात लाल, पांढरा व निळा हे रंग असल्यामुळे त्या रंगांचे कपडे शिकाऱ्याने घालू नयेत, असा दंडक आहे. चूक झाली, तर ती माणसाच्या जिवावर बेतते.

काडतुसाच्या निवडीतही असाच विचार लागतो. शिशाचे चार, पाच व सहा क्रमांकांचे छर्रे दीर्घकाळ वापरात आहेत. क्रमांक जितका मोठा, तितका छर्रा लहान. मोठा छर्रा खोल शिरतो, पण संख्येने कमी; लहान छर्रे दाट पडतात, पण त्यांचा जोर लवकर ओसरतो. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक, तर अलीकडे आलेल्या टंगस्टनच्या छर्ऱ्यांची सुमारे अठरा पट. त्यामुळे नऊ क्रमांकाचा बारीक छर्राही पुरेसा खोल जातो आणि वीस बोअरची हलकी बंदूकही काम देते. शिशाच्या विषारीपणामुळे कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या दारूगोळ्याला बंदी केली आहे. कोणतेही काडतूस घेतले, तरी ते आपल्याच बंदुकीतून कागदावर झाडून पाहिल्यावाचून रानात जाऊ नये, हा जाणत्यांचा नियम आहे. १० इंचांच्या वर्तुळात छर्रे दाट पडेनासे होतात, तेथे त्या बंदुकीचे अंतर संपले.

नव्या काडतुसांनी हे अंतर वाढविले आहे, आणि धोकाही तेथेच आहे. गेल्या दोन दशकांत आग्नेयेकडील काही राज्यांत टर्कींची संख्या पुन्हा घटू लागली आहे. तिला अनेक कारणे आहेत. पण लांबून उडविलेल्या बारामुळे जखमी होऊन निसटणारा प्रत्येक पक्षी त्या घटीत भरच घालतो. बंदूक किती दूर मारते, हे दुकानदार सांगू शकतो. ती कोठवर झाडावयाची, हे शिकाऱ्यालाच ठरवावे लागते. आणि एकोणिसाव्या शतकात नेमके तेच कोणी ठरविले नव्हते.