मॉरिशस

मॉरिशस : हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्र, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किमी. राजधानी पोर्ट लुई. जवळजवळ सारी वस्ती १,८६५ चौ. किमी.च्या मुख्य बेटावर. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. बेट ज्वालामुखीतून वर आलेले, भोवती प्रवाळाचे कडे. सर्वोच्च शिखर ८२८ मी., म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा ठेंगणेच.

येथे मूळ रहिवासी असे कोणी नाहीत. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा माणसाची वस्ती नव्हती. डोडो पक्षी मात्र होता. बेटाला मिळालेले डच राजपुत्र मॉरिसचे नाव, ऊस आणि हरणे ही डचांची देणगी. त्यांच्याच शतकात डोडो नामशेष झाला, आणि आता तो हरणाच्या जोडीने राजचिन्हावर उभा आहे!

पुढे फ्रेंचांनी आफ्रिकेतून व मादागास्करातून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले, १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर मागवले. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या चढून जवळजवळ पाच लाख मजूर आले. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. गणेशचतुर्थीला आजही तेथे सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते.

रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी ही पुरणपोळीची तिखटमिठाची चुलतबहीण. पुरण वाटलेल्या पिवळ्या डाळीचे, पण गुळाऐवजी हळद-जिऱ्याचे. दोन पोळ्या एकावर एक, वर घेवड्याचा रस्सा आणि टोमॅटोची चटणी, सगळे कागदात गुंडाळलेले.

घरात क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, संसदेत इंग्रजी. चलनी नोटांवर भारतीय लिप्याही असतात; १९९८ च्या नव्या नोटांवर देवनागरी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. तमिळ समाज खवळला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. तारीख दांडीयात्रेच्या प्रारंभाची. १९९२ मध्ये त्याच दिवशी तो प्रजासत्ताक बनला. राष्ट्राध्यक्ष नामधारी, कारभार पंतप्रधानांचा. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. संसदेत ६२ सदस्य निवडून येतात. एखाद्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडले, तर हरलेल्यांपैकी जास्त मते मिळवणाऱ्या आठ जणांपर्यंत जागा देता येतात. मात्र जनगणनेत समाज विचारणे १९७२ नंतर थांबले, त्यामुळे या जागांचा हिशेब अजून त्याच वर्षाच्या आकड्यांवर मांडला जातो.