ट्रॅक्टर-ट्रॉली (वऱ्हाड)

ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे पिनेने जोडलेली मालवाहू गाडी. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्री शेतातून बाजारात नेण्याचे हे एक प्रमुख साधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही दोन स्वतंत्र वाहने ठरतात. ट्रॅक्टरवर स्वतःवर माल वाहिला जात नाही. ट्रॉली ही कायद्याच्या भाषेत 'ट्रेलर' होय.

पार्श्वभूमी

वऱ्हाडात पूर्वी कापसाची वाहतूक बैलबंडीने होई. बंडीतला माल जिनिंगपर्यंत किंवा रेल्वेस्थानकापर्यंत पोहोचे; मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारा, 'शकुंतला' या नावाने ओळखला जाणारा अरुंद लोहमार्ग कापसासाठीच प्रसिद्ध होता. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर हंगामात खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. पुढे या रांगेत ट्रॉल्या शिरल्या. बंडीचा वेग बैलाच्या चालीइतकाच असे आणि उतारावर बैल स्वतःच पाय रोवत. ट्रॅक्टरला ही उपजत समज नाही; ती चालकाला आणावी लागते.

ट्रॅक्टरची निवड

ट्रॅक्टर घेताना बहुधा किती अश्वशक्तीचा, एवढेच विचारले जाते. सपाट रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढणे मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरलाही जड जात नाही. खरा प्रश्न ती थांबवण्याचा असतो. शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांना असतात आणि स्थानिक कार्यशाळेत बांधलेल्या अनेक ट्रॉल्यांना ते मुळीच नसतात. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे दोन टन. मागे त्याच्या दुपटीहून अधिक भार असला, तर ब्रेक दाबल्यावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला पुढे ढकलते. दोघे वाकडे झाले तर ट्रॅक्टर मध्येच मुडपला जातो. म्हणून वजनदार ट्रॅक्टर, रुंद टायर आणि शक्य तेथे ब्रेक असलेली ट्रॉली हा विचार अश्वशक्तीच्या आधी करणे योग्य. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात हा दोष झाकला जातो. सातपुड्याच्या पायथ्याकडून मेळघाटाच्या चढ-उताराला लागताच तो उघडा पडतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय तर घातकच आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचे डावे-उजवे पेडल वेगळे असतात. शेतात एका अंगाला वळण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले कडीने जोडली नाहीत, तर एकच चाक थांबून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

जोडणी आणि भार

दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे काळ्या मातीत पकड चांगली मिळते. पण माल मागच्या बाजूला जास्त भरला की दांडा वर उचलतो, आणि पुढच्या बाजूला जास्त भरला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते. जोडणी नेहमी खालच्या दांड्यालाच करावी. मागच्या आसाच्या वर साखळी बांधून ओढल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलून तो मागे उलटतो, आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पिन मूळ मापाची असावी, खाली कुलूपपिन असावी आणि जोडीला सुरक्षा-साखळी असावी. पिनेऐवजी हाताशी सापडलेली सळई घालणारे कमी नाहीत.

कापूस फसवा असतो. तो हलका म्हणून फाळक्यांवर जाळ्या चढवून, तुडवून तुडवून ढीग उंच केला जातो. वजन कमी असले तरी भार उंचावर गेल्याने वळणावर ट्रॉली कलते, मागचे वाहन दिसत नाही, आणि खाली लोंबणाऱ्या वीजतारेला किंवा सायलेन्सरच्या ठिणगीला कापूस लगेच पेट घेतो. ताडपत्री ढीग झाकण्यासाठी आणि दोरांनी आवळण्यासाठी, दोन्हींसाठी लागते. संत्र्यांची कॅरेटे किंवा सोयाबीनचे कट्टे मात्र खाली बसतात आणि वजनाने ब्रेक हरवतात.

कागदपत्रे आणि माणसे

ट्रॉलीला ट्रॅक्टरपासून स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. जुना ट्रॅक्टर घेताना नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, हे पाहिले जाते. ट्रॉलीचा क्रमांक मात्र बहुधा कोणी विचारत नाही. यात्रेला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला ट्रॉलीतून माणसे नेण्याची पद्धत आहे. ट्रॉली हे मालाचे वाहन असल्याने ते बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी अशा प्रवाशांची भरपाई नाकारू शकते. हंगामात रात्रीही ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली, रस्त्याकडेला उभी ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.