दर्यावर्दी पणजोबांचा शोध

रत्नागिरीच्या खाडीकांठीं असलेल्या कित्येक घरांतील तरुण पूर्वी मुंबईस येऊन विलायती आगबोटींवर खलाशी होत. कोणी तांडेल, सारंग होऊन परतले. कांहीं परतलेच नाहींत.

अशा पणजोबांना आडनांवावरून शोधूं लागाल तर फसाल. कारकुनाच्या कानांवर पडेल तसें नांव इंग्रजींत उतरे. एकट्या इब्राहिमचीं रूपें मोजतां मोजतां पुरेवाट व्हावी! म्हणून घरचीं जुनीं पत्रें चाळून आधीं बोटीचें नांव आणि साल काढावें. १८६३ ते १९३८ या काळांतील ब्रिटिश जहाजांच्या खलाशीपटांपैकीं सुमारें सत्तर टक्के न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठांत आहेत. १९१५ चे ग्रीनिचच्या संग्रहालयांत. हिंदी खलाशांचा करार बहुधा निराळा असे. गोऱ्यांच्या यादींत नांव नसल्यास खचूं नये.

३० डिसेंबर १९१५ रोजीं ‘पर्शिया’ आगबोट क्रीटजवळ पाणतीराच्या माऱ्यानें बुडाली, तींत असे खलाशीही गेले. पहिल्या महायुद्धांत समुद्रानेंच गिळलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचें स्मारक मुंबईच्या खलाशीगृहांत आहे. त्याच्या नोंदपटांत नांवाजवळ बोट, आणि कित्येकदां बापाचें नांवही सांपडतें. घरच्या वंशावळीशीं तें जुळवून पाहावें.